हॉस्पिटलचं पाणी : हौदापासून नळाच्या जाळीपर्यंत काय काय बघायचं

मागच्या मे महिन्यात आमच्या आयसीयूतल्या वॉशबेसिनचा नळ नीट धार देईना, पाणी तिरपं उडायचं, म्हणून प्लंबर भैयाला बोलावलं. त्याने पान्याने नळाच्या तोंडाची जाळी काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी ती पांढऱ्या गॉजवर उलटी आपटली तर आतून काळपट, बुळबुळीत, सर्दीच्या शेंबडासारखा लगदा पडला आणि त्याच्यासोबत बोरिंगच्या पाण्याचे पांढरे क्षाराचे खडे. भैया म्हणाला, "मॅडम, पानी तो नर्मदा का है, साफ ही है." त्याचं चुकलं नव्हतं, पाणी येतं तेव्हा साफच असतं. पण त्याच जाळीतून आलेल्या पाण्याने आम्ही दिवसातून पन्नास वेळा हात धुऊन पेशंटच्या लाइनला, नळीला, जखमेला हात लावत होतो, आणि या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी इंदुरातल्या एका चाळीस बेडच्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. छोटी नर्सिंग होमं चालवणारे, तिथल्या सिस्टर, मेंटेनन्सची माणसं, कोणीही वाचावं असं हे लिहितेय, कारण मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात या कामाला वेगळी टीम असते, आपल्याकडे एक वॉचमन मोटर चालू करतो आणि एक भैया बोलावल्यावर येतो, बस.

इंदुरातल्याच भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात ड्रेनेजचं पाणी मिसळलं आणि माणसं गेली, तेव्हापासून शहरात सगळेच पाण्याविषयी बोलतात, आणि बोललंच पाहिजे. पण तो धोका बाहेरून येणारा. हॉस्पिटलमधला धोका बऱ्याचदा इमारतीच्या आतच तयार होतो, हळूहळू, वास नाही रंग नाही, आणि तो धडधाकट माणसाला काही करत नाही. स्युडोमोनाससारखा जंतू तुम्ही आम्ही प्यालो तरी पोटात काही होत नाही. तोच जंतू व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या फुप्फुसात, भाजलेल्या कातडीवर, कमी दिवसांच्या बाळाच्या रक्तात गेला की जीव घेतो.

आता आपल्या शहरातलं पाणी येतं कसं ते बघा. जलूदहून साधारण ७० किलोमीटर वरून नर्मदेचं पाणी चढवून आणतात, क्लोरीन घालून देतात, आणि बहुतेक भागात नळ एक दिवसाआड येतात. म्हणजे आलं तेव्हा भरून ठेवायचं. आधी खालच्या हौदात, मग मोटरने गच्चीवरच्या टाकीत, कमी पडलं तर बोरिंगचं मिसळायचं, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. या साठवण्यात क्लोरीन उडून जातं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हात लावला तर कोमट नाही, चांगलं गरम लागतं. लिजिओनेला नावाचा न्यूमोनियाचा जंतू २५ ते ४५ अंशांत मजेत वाढतो, म्हणजे आपली उन्हाळ्यातली 'गार' पाण्याची टाकी त्याला अगदी मानवते. त्यात बोरिंगच्या जड पाण्याने पाइपात, शॉवरमध्ये, नळात क्षाराचा थर बसतो, तो खरखरीत असतो, त्याच्यावर जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर करतात. याला बायोफिल्म म्हणतात. एकदा तो थर बसला की नुसतं क्लोरीन वाढवून तो जात नाही, वरवरचे मरतात, आतले राहतात. त्यामुळे घासणं आणि काढून टाकणं हे क्लोरीनच्या आधी.

तर सुरुवात कुठून करायची? एका दुपारी भैयाला आणि वॉचमनला सोबत घ्या आणि पाण्याच्या मागे चाला. मीटरपासून हौद, हौदापासून मोटर, गच्ची, तिथून प्रत्येक मजला, प्रत्येक नळ. वहीत नकाशा काढा, वाकडातिकडा चालेल. आमच्याकडे असं चाललो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर एक लाइन सापडली जी भिंतीत जाऊन संपत होती, कधीकाळी तिथे बाथरूम होतं, ते मोडून स्टोअर केलं आणि पाइपाला नुसता प्लग मारला. त्या दोन-अडीच मीटर पाइपात वर्षानुवर्षं तेच पाणी उभं होतं आणि मुख्य लाइनीला थोडं थोडं मिसळत होतं. अशी मेलेली लाइन मुळापासून, म्हणजे जिथून फाटा फुटतो तिथूनच कापायची. टोकाला प्लग मारून उपयोग नाही.

हौद आणि टाकीचं काम बहुतेकांना माहीत आहे पण अर्धवट करतात. झाकण घट्ट हवं, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी हवी, नाहीतर कबुतरं आणि पाली. हौद ड्रेनेजच्या चेंबरजवळ असेल तर त्याच्या भिंतीला भेग आहे का ते पावसाळ्याआधी नक्की बघा. वर्षातून दोनदा रिकामा करून गाळ काढा, भिंती ब्रशने घासा, गाळ तसाच ठेवून वरून ब्लीचिंग ओतणं म्हणजे पैसे आणि ब्लीचिंग दोन्ही वाया. घासून झाल्यावर टाकी भरायची आणि जोरदार डोस द्यायचा. १०,००० लिटरच्या हौदाला १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (आपण 'हायपो' म्हणतो ते) ५ लिटर, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. मग प्रत्येक मजल्यावरचा शेवटचा नळ उघडायचा, क्लोरीनचा वास आला की बंद करायचा, एक तास ठेवायचं, आणि मग सगळं सोडून देऊन ताजं पाणी भरायचं, रीडिंग नेहमीवर येईपर्यंत. तेवढा वेळ प्रत्येक नळावर 'पाणी वापरू नका' अशी चिठ्ठी लावा, हिंदीतही लिहा. आणि एक, हायपो आणि टॉयलेटचं ॲसिड कधी एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद हौदात उतरलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. हौदात माणूस उतरणार असेल तर वर दुसरा उभा पाहिजेच.

रोजचं वेगळं. त्याच १०,००० लिटरला साधारण २०० मिली हायपो, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, आणि अर्ध्या तासाने सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी तपासायचं. टाकीजवळचं नाही, सगळ्यात लांबचं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं, म्हणजे अजून कशाशी न जोडलेलं, क्लोरीन राहिलं पाहिजे. त्याची किट स्वस्त मिळते, थेंब टाकून रंग जुळवायचा. जमलं तर डीपीडीची घ्या, जिच्यात गुलाबी रंग येतो, पिवळा रंग देणारी जुनी किट मोकळं आणि बांधलेलं क्लोरीन नीट वेगळं दाखवत नाही. हायपोचा कॅन गच्चीवर उन्हात ठेवू नका, ताकद उतरते आणि तुम्हाला वाटतं डोस दिला. कॅनवरची तारीख बघा, आमच्याकडे एकदा लेबलवर १० टक्के होतं आणि डोस दुप्पट केला तरी नळाला रंगच येईना.

आता डायलिसिस. इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण माझ्याच हातून चूक झाली होती. एका रविवारी रात्री आम्ही टाकीला तो जोरदार डोस दिला आणि मी डायलिसिसच्या टेक्निशियनला सांगायचं विसरले. सोमवारी सकाळी सहाची शिफ्ट. त्या मुलाला मी आजही मानते, त्याने नेहमीप्रमाणे मशीन लावायच्या आधी कार्बन टाकीनंतरचं पाणी तपासलं (ही टाकी क्लोरीन काढून घेते), क्लोरीनचा रंग आला, आणि त्याने पेशंट खुर्चीत बसलेले असताना मशीन लावलं नाही. अकरा वाजेपर्यंत सगळे खोळंबले, नातेवाईक माझ्यावर ओरडले, ओरडू देत. डायलिसिसच्या एका सेशनला साधारण १२० लिटर पाणी लागतं आणि ते पेशंटच्या रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहतं. क्लोरीन त्या पडद्यातून थेट आत जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. म्हणून तिथे एकूण (मोकळं अधिक बांधलेलं) क्लोरीनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे जे क्लोरीन वॉर्डाच्या नळात असलंच पाहिजे ते डायलिसिसच्या पाण्यात नसलंच पाहिजे, आणि दोन्हीकडे पाणी एकाच टाकीतून जातं. टाकीला हात लावायच्या आधी डायलिसिसला लेखी कळवा, सही घ्या, आणि प्रत्येक शिफ्टच्या आधी कार्बननंतरची तपासणी झाल्याशिवाय मशीन लावू नका.

दुसरी बाजू अशी की कार्बनने क्लोरीन काढलं की त्यापुढचं पाणी उघडं पडलं, त्याला राखण नाही. आरओची टाकी, तिथून मशीनपर्यंतची लूप, इथे जंतू वाढतात आणि त्यांचं विष, एंडोटॉक्सिन, पाण्यात येतं. पेशंट डायलिसिस चालू झाल्यावर तास-दीड तासात थंडी वाजून कुडकुडायला लागला आणि एकाच दिवशी दोघातिघांना झालं तर 'इन्फेक्शन असेल, अँटिबायोटिक द्या' एवढ्यावर सोडू नका, पाणी तपासा. मर्यादा मिलिलिटरला जंतूंच्या १०० कॉलनीच्या (वसाहतींच्या) आत आणि एंडोटॉक्सिन ०.२५ युनिटच्या आत, पण निम्म्यावर गेलं तरी लूप डिसइन्फेक्ट करायला घ्यायची. आणि टँकर मागवणाऱ्यांनो, १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू गावात डायलिसिस सेंटरला तलावाचं नीट शुद्ध न केलेलं पाणी टँकरने दिलं होतं, त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं, ५० च्या आसपास पेशंट गेले. उन्हाळ्यात टँकर कुठून भरून आला हे विचारायची लाज वाटू देऊ नका.

गरम पाणी. गिझरवाले वीज वाचवायला थर्मोस्टॅट कमी ठेवतात, आणि आपल्याकडे गच्चीवर सोलर असतो, जो श्रावणात चार दिवस ऊन नाही पडलं की ना गरम ना गार असं पाणी देतो. लिजिओनेलाला याच्याहून चांगलं घर नाही. साठवलेलं गरम पाणी ६० अंश आणि नळाला पोचेपर्यंत ५० च्या वर राहिलं पाहिजे, ढगाळ दिवसांत सोलरचा इलेक्ट्रिक बॅकअप चालू ठेवा. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदात कातडी भाजतं, म्हणून म्हाताऱ्या पेशंटच्या आणि मुलांच्या बाथरूममध्ये मिक्सर व्हॉल्व्ह नळाच्या अगदी जवळ बसवा, आणि सिस्टरने किंवा मावशींनी आधी स्वतःचा हात घालून बघितल्याशिवाय पेशंटवर पाणी ओतायचं नाही. हा जंतू पोटातून नाही, बारीक तुषारातून श्वासात जातो. शॉवर, नेब्युलायझर, एसीचा कूलिंग टॉवर. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांना न्यूमोनिया झाला आणि तेव्हाच तो पहिल्यांदा कळला, नावही त्यावरूनच पडलं. डॉक्टर मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं की दाखल झाल्यावर काही दिवसांनी न्यूमोनिया झाला आणि नेहमीच्या पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटाच्या औषधांना दाद देत नसेल तर याचा विचार करा, आणि लघवीची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सोडून देऊ नका, ती मुख्यतः एकाच प्रकारचा लिजिओनेला पकडते.

परत नळाकडे येऊ. स्युडोमोनासचा बहुतेक वावर नळाच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये असतो, जाळी, नळाचं तोंड, आणि खालचा तो स्टीलची वेणी असलेला लवचिक कनेक्शन पाइप, ज्याच्या आत रबर असतं. २०१२ च्या जानेवारीत बेलफास्टच्या एका नवजात बालकांच्या युनिटमध्ये तीन बाळं गेली, जंतू हात धुवायच्या नळांतच सापडला, शेवटी नळच बदलावे लागले. विचार करा, हात धुतले म्हणून बाळाला इन्फेक्शन. म्हणून आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू), बर्न, केमोच्या खोल्या इथे नळाची जाळी काढूनच टाका, पाणी थोडं जास्त उडेल, धार कमी करा. लवचिक पाइपाऐवजी शक्य तिथे सरळ पाइप. शॉवरचं तोंड दर तीन महिन्यांनी काढून क्षार घालवायचा. याचा अर्थ हात धुणं बंद करायचं असा कोणी काढू नये. हात धुवा, कोरडे करा, आणि या खोल्यांत वरून अल्कोहोलचा हँडरब लावा.

बेसिनच्या खालच्या भोकाकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. तिथे ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी अडून राहणाऱ्या वाकड्या पाइपात, कायम ओल आणि आपण त्याला खायला घालतो, उरलेलं ग्लुकोजचं सलाइन, चहा, दूध, सक्शनची बाटली धुतलेलं पाणी. टोरंटोच्या एका हॉस्पिटलात २००४ ते २००६ मध्ये ३६ पेशंटना याच मार्गाने स्युडोमोनास गेला, नळाची धार थेट भोकावर पडायची आणि शिंतोडे मीटरभर लांब जायचे. तुमच्याकडे असं होतं का हे बघायला खर्च नाही. जेवणातला लाल रंग थोडासा भोकाच्या तोंडाशी टाका, आजूबाजूला कोरे पांढरे कागद पसरा आणि नळ नेहमीसारखा उघडा. आम्ही केलं तेव्हा ड्रेसिंग ट्रॉलीवर ठेवलेल्या कागदावर ठिपके आले आणि दोन सिस्टर एकदम गप्प झाल्या. त्या दिवसापासून बेसिनच्या जवळ इंजेक्शन भरायचं नाही, मध्ये ॲक्रिलिकचा पत्रा लावला आणि ट्रॉली दोन मीटर मागे गेली. हात धुवायचं बेसिन फक्त हातासाठी, बाकी सगळं स्लूस रूममध्ये, म्हणजे घाण पाणी ओतायच्या खोलीत.

बंद खोल्या. सीझन नसला की वरच्या मजल्यावरच्या डीलक्स खोल्या महिनाभर बंद राहतात आणि एक दिवस पेशंट आला की चादर बदलून चावी देतात. नळ उघडला की पहिलं पाणी तांबूस येतं, ते सगळं महिनाभर उभं राहिलेलं. न वापरलेला प्रत्येक नळ, शॉवर, जेट आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं सोडायचा, गरम आणि गार दोन्ही. शॉवर सोडताना तुषार उडू नये म्हणून तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तिचा कोपरा कापा, पाणी खाली जाईल. आयसीयूच्या नळांना रोज सकाळी एक मिनिट. पाण्याची नासाडी होते असं वाटतं, नळ एक दिवसाआड येणाऱ्या शहरात मलाही वाटतं, म्हणून आम्ही शक्य तिथे बादलीत धरून फरशी पुसायला आणि बागेला देतो, आयसीयू आणि वॉर्डात मात्र नाही.

वॉर्डातला आरओ कूलर. 'आरओचं आहे' म्हटलं की सगळे निर्धास्त, पण आरओने क्लोरीनही निघून जातं आणि आतल्या टाकीत पाणी तसंच उभं असतं. फिल्टर बदलल्याची तारीख कूलरवर चिकटवा, आतली टाकी महिन्याला धुवा. केमो, ट्रान्सप्लांटच्या पेशंटला उकळून गार केलेलं द्या, आणि बाहेरचा बर्फ मुळीच नाही.

ऑक्सिजनची ह्युमिडिफायर बाटली आणि नेब्युलायझर, इथे नळाचं पाणी आणि आरओचं पाणी दोन्ही नाही. फक्त स्टराइल वॉटर, रोज ओतून टाकून बाटली धुऊन पूर्ण वाळवायची, उरलेल्यात वरून भर घालायची नाही. ही भर घालायची सवय रात्रपाळीत हमखास असते, त्यामुळे बाटलीवर तारखेची पट्टी लावायला लावा.

छोट्या सर्जरीवाल्यांसाठी एक गोष्ट मनापासून. लॅप्रोस्कोपीची अवजारं ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवून मग 'उकळलेल्या' पाण्यात खळबळून वापरायची पद्धत अजून आहे. त्या पाण्याचं भांडं, पातेलं, झाकण, सगळं नळाचंच, आणि त्यातून क्षयाच्या जातकुळीतले पण वेगळे मायकोबॅक्टेरिया अवजारावर येतात. ऑपरेशन उत्तम होतं, टाके निघतात, पेशंट घरी जातो, आणि तीन-चार आठवड्यांनी पोर्टच्या (अवजार आत घालायच्या छिद्राच्या) जागी गाठ, मग पू, मग महिनोन्महिने औषधं. नेहमीच्या अँटिबायोटिकने बरं होत नाही. अवजार सुटं करून घासा, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) होण्यासारखं असेल तर ऑटोक्लेव्हच करा, नसेल तर शेवटचं खळबळणं फक्त सीलबंद स्टराइल पाण्यात आणि मग कोरडं.

राहिलं टेस्टिंग. लॅबचा रिपोर्ट येतो, 'ई. कोलाय नाही, कोलिफॉर्म नाही', आणि फाइलला लागतो. ती टेस्ट मैल्याची आहे, तिचा स्युडोमोनास आणि लिजिओनेलाशी संबंध नाही, त्यांची वेगळी सांगून मागावी लागते. पाणी भरून ठेवल्यावर काळी पडणारी ती तपासणीची छोटी बाटलीसुद्धा मैल्याचीच. स्युडोमोनाससाठी पहाटे, कोणी नळ उघडायच्या आधी, पहिली धार बाटलीत घ्या. नळ पुसू नका, जाळू नका, जसा आहे तसा. मग दोन मिनिटं पाणी सोडून दुसरी बाटली. पहिलीत जंतू आणि दुसरीत नाही, तर दोष त्या नळात. दोन्हीत आहे, तर मागे लाइनीत किंवा टाकीत जा. बाटली लॅबकडूनच घ्या, त्यात क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घातलेलं असतं, नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी पोचवा. १०० मिलीत शून्य हवं, एक ते दहा आलं तर कारण शोधा आणि परत घ्या, दहाच्या वर आलं तर तो नळ त्याच क्षणी बंद करा, नवीन बसवा किंवा ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावा, आणि फिल्टर लावला तर त्याची मुदत संपायची तारीख नळावर लिहा.

आणि एकाच वॉर्डात पंधरा दिवसांत दोन पेशंटच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) स्युडोमोनास आला की अँटिबायोटिकचा चार्ट लिहितानाच त्या दोन बेडच्या जवळचं बेसिन कोणतं हे बघा. आमच्या रजिस्टरमध्ये आता कल्चरच्या रकान्याशेजारी 'जवळचा नळ क्रमांक' असा एक रकाना आहे, प्रत्येक नळाला रंगाने नंबर दिलाय, आणि आठवड्याच्या फ्लशिंगची सही मावशी करतात. बंद खोल्यांच्या चाव्याही त्यांच्याकडेच असतात, कारण आधी चाव्या रिसेप्शनला असायच्या आणि रिसेप्शनची मुलगी सुट्टीवर असली की त्या आठवड्याचं फ्लशिंग राहून जायचं.